बावीस अक्षरांचा लगाम

‘ध’चा ‘मा’ करणे हा वाक्प्रचार मराठी घरात लहानपणीच कानांवर पडतो. नारायणराव पेशव्यांना ‘धरावे’ अशी आज्ञा राघोबादादांनी दिली, आनंदीबाईंनी त्या कागदातील ‘ध’ खोडून तेथे ‘मा’ लिहिला, आणि ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्या कोवळ्या वयाच्या पेशव्याचा खून केला, अशी कथा आहे. इतिहाससंशोधक तिच्या खरेपणाविषयी शंका घेतात. तथापि हुकुमातील एक अक्षर बदलले तर केवढा अनर्थ ओढवू शकतो, हा तिच्यातील बोध शंकेपलीकडचा आहे.

कर्करोगाच्या शास्त्रज्ञांनाही प्रथम जे सापडले ते याच जातीचे होते. माणसाच्या मूत्राशयातील कर्कपेशींत ‘रास’ नावाच्या एका जनुकातील अवघे एक अक्षर बदललेले आहे, असे १९८२ साली दिसून आले. त्या एका अक्षराने पेशीला मिळणारा ‘वाढ’ हा हुकूम कायमचा चालू राहिला होता. पुढील वीस वर्षे असे कितीतरी ‘ध’चे ‘मा’ उजेडात आले. कर्करोग म्हणजे हुकुमातील अक्षरदोष, अशी समजूत त्यामुळे रूढ झाली, आणि ती बऱ्याच अंशी खरीही आहे.

परंतु कारभार बिघडण्याची दुसरीही एक रीत असते. हुकुमातील अक्षरे जशीच्या तशी राहतात. तो किती वेळा बजावावयाचा आणि कोठे ‘आता पुरे’ म्हणावयाचे, हे पाहणारा माणूस तेवढा जागेवरून नाहीसा होतो. आपल्या पेशींत असे ‘पुरे’ म्हणणारे शेकडो चिमुकले कारभारी आहेत. त्यांना सूक्ष्म आरएनए, म्हणजेच ‘मायक्रो-आरएनए’ असे नाव आहे. त्यांचा पहिला शोध लावणारे व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्कन या दोघा अमेरिकन शास्त्रज्ञांना २०२४ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आम्ही जन्मभर मराठी शिकविली. प्रयोगशाळेशी आमचा संबंध शाळेतील काचपात्रांपलीकडे गेला नाही. तरीही हा विषय येथे घेण्याचे कारण आहे. कर्करोगाचे नाव ज्या घरात निघते त्या घरात भीती आणि अफवा एकाच वेळी शिरतात. कोणी ‘आता काही उरले नाही’ म्हणतो, तर कोणी ‘रक्ताच्या एका थेंबात सारे कळते’ अशी जाहिरात आणून दाखवितो. अशा वेळी शास्त्राला नेमके काय कळले आहे आणि काय साधावयाचे राहिले आहे, हे घरातल्या एका तरी माणसाला ठाऊक असावे.

पेशीचे दफ्तर

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील संस्थानी कारभाराच्या गोष्टी ज्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असतील त्यांना पेशीचा कारभार समजणे अवघड जाऊ नये. दफ्तरातील मूळ कागद दफ्तरातच राही. बाहेर जाई ती त्याची नक्कल. आपल्या पेशीच्या केंद्रकातही असेच एक दफ्तर असते. त्याचे नाव डीएनए. त्यात सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत, आणि अक्षरांचे प्रकार मात्र अवघे चार. एखादे प्रथिन कसे घडवावे हे सांगणारा त्यातील एकेक लेख म्हणजे एकेक जनुक. अशी सुमारे २०,००० जनुके माणसाच्या दफ्तरात आहेत. प्रथिन घडवावयाचे झाले म्हणजे त्या जनुकाची नक्कल निघते, ती केंद्रकाबाहेर येते, बाहेरच्या कारखान्यात वाचली जाते आणि तिच्याबरहुकूम प्रथिन तयार होते. या नकलेला संदेशवाहक आरएनए म्हणतात.

डोळ्याची पेशी घ्या की यकृताची, दफ्तर एकच. फरक पडतो तो कोणत्या लेखाच्या किती नकला काढल्या जातात यामुळे. म्हणून कारभाराची सारी सूत्रे दफ्तराच्या दाराशीच हलतात, असे दीर्घकाळ मानले जाई. दाराबाहेर पडलेल्या नकलेवरही कोणाची नजर असते, हे सूक्ष्म आरएनएने दाखवून दिले.

सूक्ष्म आरएनए म्हणजे २१ ते २३ अक्षरांची एक चिठ्ठी. तिच्यावरून प्रथिन घडत नाही. प्रथम एक लांब धागा निघतो आणि तो बायका केसांत खोवतात त्या आकड्यासारखा दुमडतो. केंद्रकात ‘ड्रोशा’ नावाची कात्री त्याला एकदा कापते. बाहेर आल्यावर ‘डायसर’ नावाची दुसरी कात्री पुन्हा कापते. उरलेला इवलासा तुकडा ‘आर्गोनॉट’ नावाचे एक प्रथिन हाती घेते आणि येणाऱ्या-जाणाऱ्या नकला तपासू लागते. ज्या नकलेच्या शेपटाशी चिठ्ठीची अक्षरे यमक जुळावे तशी जुळतात तेथे ती चिकटते. सगळी बावीस अक्षरे जुळावी लागत नाहीत. दुसऱ्या अक्षरापासून आठव्यापर्यंतची जुळली तरी बहुधा पुरते. चिकटलेली नक्कल वाचली जात नाही किंवा लवकर नष्ट होते.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवावयास हव्यात. एक चिठ्ठी एकाच नकलेपुरती नसते. ती शेकडो निरनिराळ्या नकलांना आवरू शकते. दुसरी गोष्ट अशी की, तिचा जोर बेताचा असतो. नक्कल साफ बंद पाडण्यापेक्षा तिचे प्रमाण थोडे कमी राखणे हेच तिचे नित्याचे काम. लगाम घोड्याला उभा करण्यासाठीच असतो असे नाही. बहुतेक वेळा तो चाल आवरण्यासाठी असतो. माणसाच्या निम्म्याहून अधिक जनुकांवर असा कोणता ना कोणता लगाम आहे, असे शास्त्रज्ञ मानतात.

पुन्हा पुन्हा पहिल्या इयत्तेत

हे ज्ञान आले ते एका कृमीपासून. मातीत राहणारा, जेमतेम १ मिलिमीटर लांबीचा, काचेसारखा पारदर्शक असा हा सूत्रकृमी. प्रौढ झाल्यावर त्याच्या शरीरात, प्रजननाच्या पेशी वगळता, बरोबर ९५९ पेशी असतात. प्रत्येक पेशीचा जन्म आणि शेवट मोजता येत असल्यामुळे प्राणिशास्त्रज्ञांना तो फार प्रिय आहे.

१९८० नंतरच्या दशकात अँब्रोस व रव्कन हे दोघे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेत रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. तेथे दोन विलक्षण प्रकारचे कृमी होते. ज्यांचे ‘लिन-४’ हे जनुक बिघडले होते ते वाढीचा पहिलाच टप्पा पुन्हा पुन्हा गिरवीत. शरीर वाढे, पण काही अवयव तयारच होत नसत. ज्यांचे ‘लिन-१४’ बिघडले होते ते उलट मधले टप्पे गाळून पुढे पळत. शाळेच्या भाषेत सांगावयाचे तर एक विद्यार्थी वर्षानुवर्षे पहिल्याच इयत्तेत बसलेला, आणि दुसरा पहिलीतून एकदम चौथीत गेलेला. पहिले जनुक दुसऱ्याला आवरते एवढे अँब्रोस यांनी दाखविले होते. कसे आवरते, हे मात्र गूढच होते.

पुढे अँब्रोस हार्वर्डला गेले व रव्कन बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात. अँब्रोस यांच्याकडे त्यांच्या पत्नी रॉझलिंड ली व रोंडा फाइनबॉम यांनी ‘लिन-४’ चा पिच्छा पुरविला. प्रथिन काही मिळेना. शेवटी हाती आला तो २२ अक्षरांचा एक आरएनएचा तुकडा. १९९२ मध्ये दोन्ही प्रयोगशाळांनी आपापली अक्षरे एकमेकांना कळविली, आणि कोडे सुटले. ‘लिन-४’ ची अक्षरे ‘लिन-१४’ च्या नकलेच्या शेपटाशी एका नव्हे तर अनेक ठिकाणी जुळत होती. डिसेंबर १९९३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात दोघांचे निबंध प्रसिद्ध झाले.

जगाने त्यांची फारशी दखल घेतली नाही. ही कृमीचीच काहीतरी खासियत असावी, असा समज सात वर्षे राहिला. २००० साली रव्कन यांच्या प्रयोगशाळेला ‘लेट-७’ हा दुसरा तुकडा मिळाला, आणि तो माशीत, माशात, कोंबडीत आणि माणसातही तसाच्या तसा आढळला. मग मात्र शोधाला वेग आला. २००१ मध्ये तीन प्रयोगशाळांनी अशा डझनावारी तुकड्यांच्या याद्या प्रसिद्ध केल्या आणि ‘मायक्रो-आरएनए’ हे नाव पक्के झाले.

शास्त्र शिकणाऱ्या मुलाला घरात हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘याचा उपयोग काय?’ कृमीच्या वाढीचे टप्पे मोजणाऱ्या या मंडळींना १९९३ मध्ये कोणी तो विचारला असता तर त्यांच्यापाशी उत्तर नव्हते. ते उत्तर पुढे नऊ वर्षांनी आले, आणि तेही कर्करोगाच्या दालनातून.

तेराव्या गुणसूत्रावरील रिकामी जागा

रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार उतारवयात होतो. त्यात लसिकापेशी नावाच्या पांढऱ्या पेशी सावकाश साचत जातात. त्याला दीर्घकालिक लसिकापेशीय ल्युकेमिया असे भारदस्त नाव आहे. पाश्चात्त्य देशांत तो बराच आढळतो. आपल्याकडे त्या मानाने कमी. याची चाल मंद असते. कित्येक रुग्णांना निदानानंतर अनेक वर्षे औषधाची गरजही पडत नाही. नियमाप्रमाणे ज्या पेशींनी आयुष्य संपवून निघून जावयाचे, त्या न मरता रेंगाळतात, हे या रोगाचे एक मुख्य लक्षण होय.

या रोगाच्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या कर्कपेशींत तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. तर्क साधा होता. ज्याच्या जाण्याने पेशी बेफाम होते तो तिला आवरणारा असला पाहिजे. म्हणजे गळालेल्या भागात एखादे लगामाचे जनुक असणार. ते जनुक शोधण्यासाठी अनेक प्रयोगशाळा सुमारे दहा वर्षे झटल्या. त्या भागातील जनुके एकामागून एक तपासली गेली. पण आरोपी म्हणून उभे करावे असे एकही निघेना. गुणसूत्राची जी दुसरी प्रत शाबूत होती तिच्यातील ती जनुके रुग्णांमध्येही निर्दोष असत.

फिलाडेल्फियात कार्लो क्रोचे यांच्या प्रयोगशाळेत रुमानियाहून आलेले जॉर्ज कॅलिन या कामाला लागले. ज्या रुग्णांचा अगदी लहानसा तुकडा गेला होता त्यांच्यावरून त्यांनी शोधाची जागा आवळत आवळत सुमारे ३०,००० अक्षरांवर आणली. तेवढ्या जागेत प्रथिन घडविणारे जनुक नव्हतेच. मात्र नुकत्याच प्रसिद्ध झालेल्या सूक्ष्म आरएनएच्या याद्यांतील दोन तुकडे नेमके तेथे शेजारी शेजारी बसलेले होते. त्यांचे क्रमांक ‘१५-ए’ आणि ‘१६-१’. रुग्णांच्या पेशी तपासल्या तेव्हा १०० पैकी सुमारे ६८ जणांत हे दोन्ही तुकडे एक तर नाहीसे झाले होते किंवा फार घटले होते. नोव्हेंबर २००२ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सूक्ष्म आरएनएचा माणसाच्या कर्करोगाशी संबंध जोडला गेला तो प्रथम येथे.

‘काखेत कळसा नि गावाला वळसा’ ही आपली म्हण येथे अर्धीच लागू पडते. कळसा काखेत होता हे खरे. पण असा कळसा असू शकतो हेच तोवर कोणाला माहीत नव्हते. मोठ्या जनुकाच्या शोधात निघालेल्यांनी ज्या जागेला रिकामी मानले, तेथेच ही बावीस-बावीस अक्षरे होती.

संबंध दिसला म्हणजे कारण ठरले असे नाही. छत्री उघडलेली दिसली म्हणून छत्रीने पाऊस पाडला असे कोणी म्हणत नाही. त्यासाठी निराळा पुरावा लागतो, आणि तो २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून आला. तेथे उंदरांच्या गुणसूत्रातून हेच दोन तुकडे तेवढे काढून टाकण्यात आले. त्यांच्या लसिकापेशी अधिक वेगाने विभागू लागल्या आणि काही उंदरांना उतारवयात माणसाच्या या रोगाशी जुळणारा रोग झाला. अक्षर कोणतेही बदलले नव्हते. ‘पुरे’ म्हणणारे दोघे गेले होते, इतकेच.

दोन्ही बाजूंचा तोल

हा एकच दाखला असता तर त्याला अपवाद म्हणता आले असते. पण पाठोपाठ दुसरे आले. कृमीत सापडलेला तो ‘लेट-७’ फुप्फुसाच्या कर्करोगात पुष्कळदा घटलेला असतो आणि ज्यांच्यात तो फार घटलेला असतो ते रुग्ण शस्त्रक्रियेनंतर कमी काळ जगतात, असे जपानी संशोधकांना २००४ मध्ये दिसले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील येल विद्यापीठात कळले की, ‘लेट-७’ ज्या नकलांना आवरतो त्यांत ‘रास’ ही आहे. वाचकांना आठवत असेल, १९८२ मध्ये ज्याचे एक अक्षर बदललेले आढळले तेच हे ‘रास’. म्हणजे त्याला बेफाम करण्याचे दोन मार्ग झाले. हुकूम बिघडवावा, नाही तर हुकूम चांगला ठेवून त्याचा लगाम ढिला करावा.

आता नाण्याची दुसरी बाजू. आवरणाऱ्यालाच जर कोणी अति बळ दिले तर? पेशीत मरणाची वेळ झाल्यावर मरण घडवून आणणारी आणि वाढीला खीळ घालणारी जनुकेही असतात. त्यांच्या नकला अडविणारी चिठ्ठी अतोनात वाढली तर ती कर्करोगाचीच साथीदार ठरते. ‘२१’ क्रमांकाचा सूक्ष्म आरएनए असा आहे. मेंदू, स्तन, फुप्फुस, मोठे आतडे अशा कित्येक ठिकाणच्या कर्करोगांत तो वाढलेला सापडतो. येलच्याच संशोधकांनी असे उंदीर तयार केले की, ज्यांच्यात हा तुकडा वाटेल तेव्हा वाढवावा आणि वाटेल तेव्हा बंद करावा. वाढविल्यावर उंदरांना लसिकापेशींचे अर्बुद झाले. बंद करताच ते अर्बुद काही दिवसांत विरून गेले. २०१० मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध झाला तेव्हा मोठी आशा निर्माण झाली, आणि ती स्वाभाविक होती. उंदीर आणि माणूस यांतील अंतर किती असते हे पुढे येईलच.

कधी चिठ्ठी नव्हे, तर चिठ्ठ्या कापणारी कात्रीच बिघडते. ज्या ‘डायसर’ कात्रीचा उल्लेख वर आला तिच्या जनुकातील दोष काही कुटुंबांत पिढ्यानपिढ्या चालत येतो, आणि अशा घरांतील लहान मुलांना फुप्फुसाचे एक दुर्मिळ अर्बुद होऊ शकते, असे २००९ मध्ये सिद्ध झाले. दोष असलेल्या प्रत्येक मुलाला रोग होतोच असे नाही. परंतु दोष आधी कळला तर त्या मुलाची वेळोवेळी तपासणी करता येते, आणि अशा रोगात वेळ हेच अर्धे औषध असते.

रक्तातील खूण

सूक्ष्म आरएनएचा दुसरा उपयोग ओळख पटविण्याचा. कर्करोग शरीरात पसरल्यावर कधी कधी तो मुळात कोठून निघाला हेच कळत नाही, आणि उपचार तर मूळ स्थानावर अवलंबून असतात. २००५ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात अशा ओळख हरवलेल्या १७ अर्बुदांवर कसोटी लावण्यात आली. हजारो संदेशवाहक नकलांची मोजदाद करून त्यांतील एकाचेच मूळ बरोबर सांगता आले. सुमारे २०० सूक्ष्म आरएनए मोजून १२ जणांचे सांगता आले. हस्ताक्षरावरून लेखक ओळखावा तसा हा प्रकार आहे. प्रत्येक अवयवाच्या पेशीत या चिठ्ठ्यांचा मेळ निराळा असतो, आणि पेशी बिघडली तरी ती खूण पुरती पुसली जात नाही.

२००८ मध्ये असेही आढळले की, हे तुकडे पेशीतून बाहेर पडून रक्तात टिकून राहतात. तेथूनच ‘रक्ताच्या थेंबात कर्करोग’ ही कल्पना लोकप्रिय झाली. तिची सर्वांत भक्कम बाजू वृषणाच्या कर्करोगात दिसली. हा रोग तरुण पुरुषांना होतो आणि वेळीच ओळखला तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. त्यात ‘३७१-ए’ या सूक्ष्म आरएनएचे रक्तातील प्रमाण वाढते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ६१६ रुग्णांपैकी सुमारे ९० टक्के जणांचा रोग या खुणेने ओळखता आला, आणि ज्यांना तो नव्हता अशांपैकी ९४ टक्के जणांची ग्वाही तिने बरोबर दिली. उपचार लागू पडले की ही खूण रक्तातून ओसरते. मात्र या रोगाचा ‘टेराटोमा’ नावाचा एक पोटप्रकार तिला दिसत नाही. एवढी चांगली खूणही आंधळ्या जागा ठेवून असते, हे विसरू नये.

इतर कर्करोगांच्या बाबतीत मात्र अनेक घोषणा टिकल्या नाहीत. एका प्रयोगशाळेला जी खूण सापडे ती दुसरीला सापडत नसे. रक्त काढताना थोड्या तांबड्या पेशी फुटल्या तरी त्यांच्यातील सूक्ष्म आरएनए बाहेर सांडतो आणि मोजमाप चुकते. वय, इतर आजार, नमुना किती वेळ ठेवला, या साऱ्यांचा परिणाम होतो. म्हणून सूक्ष्म आरएनए मोजून सर्व प्रकारच्या कर्करोगांचे खात्रीचे निदान करणारी, घरोघरच्या लोकांसाठी मान्यता पावलेली चाचणी आज नाही. कोणी तशी विकू पाहील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

औषधाची वाट

गेलेला लगाम परत घातला तर? ही कल्पना कोणालाही सुचेल. ‘पी-५३’ नावाचे एक जनुक पेशीचे पहारेकरी म्हणून प्रसिद्ध आहे. ते ज्यांच्याकडून काम करवून घेते त्यांत ‘३४-ए’ हा सूक्ष्म आरएनए आहे, हे २००७ मध्ये उमगले. अनेक कर्करोगांत तो घटलेला असतो. मग तो कृत्रिम रीतीने तयार करून, चरबीच्या सूक्ष्म थेंबांत भरून रुग्णांच्या शिरेत देण्याचा प्रयोग २०१३ मध्ये सुरू झाला. अशा प्रकारचे औषध कर्करोगाच्या रुग्णाला दिले जाण्याची ती पहिलीच वेळ होती. ज्यांच्यावर इतर उपचार थकले होते असे ८५ रुग्ण त्यात सहभागी झाले. त्यांपैकी तिघांची अर्बुदे लक्षणीय प्रमाणात आकसली. परंतु काही जणांच्या शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा भलत्याच रीतीने भडकली आणि चौघे दगावले. सप्टेंबर २०१६ मध्ये प्रयोग थांबविण्यात आला.

त्या चौघांची आठवण ठेवणे आम्हांला अगत्याचे वाटते. मथळ्यांत शोध झळकतो. तो पारखण्यासाठी आपला देह पुढे करणारे रुग्ण अनामच राहतात. अपयश का आले याचाही विचार व्हावयास हवा. जी चिठ्ठी शेकडो नकलांना आवरते ती साऱ्या शरीरात सोडली तर कर्कपेशींबरोबर निरोगी पेशींचाही कारभार हलतो. ज्या गुणामुळे ती प्रभावी, त्याच गुणामुळे ती धोक्याची. शिवाय ती नेमक्या पेशीपर्यंत पोचवावी कशी, हा प्रश्न पुरता सुटलेला नाही. संशोधन थांबलेले नाही. पण कर्करोगावर सूक्ष्म आरएनएचे मान्यताप्राप्त औषध अद्याप निघालेले नाही.

याच रोगकथेत आशेची एक कडी दुसऱ्याच वाटेने जुळली, ती सांगितली पाहिजे. ‘१५-ए’ आणि ‘१६-१’ हे तुकडे ज्या नकलांना आवरतात त्यांत ‘बीसीएल-२’ नावाच्या प्रथिनाची नक्कल असल्याचे २००५ मध्ये मांडले गेले. पेशीला मरू न देणे हे त्या प्रथिनाचे काम. आणि वर वर्णिलेल्या ल्युकेमियात ते भरपूर असते. त्या प्रथिनालाच निष्प्रभ करणारी ‘व्हेनेटोक्लॅक्स’ नावाची गोळी स्वतंत्र संशोधनातून तयार झाली आणि २०१६ मध्ये अमेरिकेत या ल्युकेमियाच्या एका कठीण प्रकारासाठी तिला मान्यता मिळाली. सूक्ष्म आरएनएच्या शोधातून ती जन्मली असे म्हणणे चुकीचे ठरेल. मात्र या रोगातील पेशी मरत का नाहीत, या प्रश्नापाशी दोन्ही वाटा येऊन मिळाल्या.

घराने काय घ्यावे

आता वाचक विचारतील, या साऱ्यातून आमच्या घराने काय घ्यावे? आमच्या मते तीन गोष्टी घ्याव्यात.

पहिली, कर्करोगाविषयीची लाज टाकून द्यावी. अजूनही कित्येक घरांत या रोगाचे नाव दबक्या आवाजात घेतले जाते. सोयरिकीत अडचण येईल म्हणून आजार लपविला जातो. रुग्णाचे ताटवाटी वेगळे ठेवले जाते. आपल्याच पेशीतील कारभार ढिला पडण्याचा हा रोग आहे. तो पूर्वजन्मीच्या पापाचे फळ नव्हे, आणि शेजारी बसल्याने, एका ताटात जेवल्याने तो लागत नाही. आजार लपविण्यात जे महिने जातात ते कोणत्याही औषधाने परत मिळत नाहीत.

दुसरी, आशा ठेवावी, पण ती पारखून ठेवावी. उंदरातील यश म्हणजे माणसातील औषध नव्हे; आणि एका प्रयोगशाळेतील खूण म्हणजे सिद्ध झालेली चाचणी नव्हे. १९९३ च्या शोधाला पारितोषिक मिळण्यास ३१ वर्षे लागली. औषधाला त्याहून अधिक लागतील असे दिसते.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी. उद्याच्या शोधाची वाट पाहताना आज हाती असलेले सोडू नये. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी तेथील झोपडपट्ट्यांतील सुमारे १,५०,००० स्त्रियांचा १२ वर्षे अभ्यास केला. दोन वर्षांतून एकदा गर्भाशयमुखाला सौम्य सिरका लावून, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी नुसत्या डोळ्यांनी तपासणी करावयाची, एवढाच तो उपाय. त्या तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. तंबाखू, मिश्री आणि गुटखा सोडणे, तोंडातील न भरणारी जखम दाखविणे, स्तनातील गाठ अंगावर न काढणे, यांतील कशालाही नोबेल पारितोषिकाची वाट पाहावी लागत नाही.

सूक्ष्म आरएनएचा अभ्यास आज जगभरच्या प्रयोगशाळांतून चालू आहे. आपल्या घरांतून शिकणारी मुलेमुलीही उद्या त्या कामात असतील. त्यांच्यापैकी कोणी सुट्टीत घरी येऊन ‘मी एका कृमीच्या बावीस अक्षरांवर काम करते’ असे सांगितले, तर तिला ‘याचा उपयोग काय?’ असे विचारण्याची घाई कोणी करू नये. ती अक्षरे कोणती, एवढे मात्र आवर्जून विचारावे.